टिपा: दाखव किंवा नको

उत्तरेकडच्या एका शहरात, सेक्टर सतरामधल्या एका कचेरीत रक्त तपासायच्या यंत्रांसाठी सॉफ्टवेअर लिहीत. यंत्राची माहितीपुस्तिका थेट कोडमधून बांधणारी जोडणी, म्हणजे एक छोटा प्रोग्रॅम, शिशिरने केली होती, आणि कोडमध्ये त्याने जागोजागी पेरलेल्या मराठी टिपाही ती इमानाने छापायची. शिशिर जाऊन वर्ष झालं होतं. त्याच्या खुर्चीवर आता त्याची बायको मंजुषा बसायची. काम शिकली तीही त्याचाच कोड वाचून.

"मंजुषाजी," गिलसाहेब छापील पान नाचवत आले, "ये 'गाढवपणा' क्या है? डॉक्टर लोग पूछेंगे तो? आज ही किताब साफ चाहिए, नहीं तो मैं कोड से ही सब उड़ा दूँगा."

"उड़ाना मत, सर. मैं करती हूँ."

शिशिरचा आवाज तेवढ्या टिपांतच उरला होता. फोटोंत काय, पोट आत ओढून उभा असलेला कुणी भलताच माणूस दिसायचा.

तिने जोडणीत नवा पर्याय घातला: पुस्तिका बांधताना सांगायचं, टिपा दाखव किंवा नको. 'नको' सांगून तिने पुस्तिका बांधली.

टिपा जागच्या जागी. 'इथे हात लावाल तर रडाल.' 'हा गाढवपणा माझा नाही, गिलसाहेबांचा.' पुन्हा 'नको' केलं, पुन्हा तेच. बाहेर भर दुपारी जानेवारीचं धुकं खिडकीला नाक लावून उभं होतं.

तिने पुस्तिकेतलं नव्या पर्यायाचं पान उघडलं. तो पर्याय तिनेच घातलेला, आज सकाळी. त्याखाली टीप होती.

'मंजे, पर्याय बदलला की जुनी पानं नव्याने बांधायची, हे जोडणीला कोण सांगणार?'

तिने कोडमध्ये पाहिलं, तर त्या ओळीखाली काहीच नव्हतं. चूक मात्र खरी होती. तेवढं सांगायचं ती विसरली होती, म्हणून जुनीच पानं परत येत होती. तिने ते सांगितलं. पुस्तिका निघाली स्वच्छ.

"वाह जी वाह!" म्हणत गिलसाहेब ती घेऊन खाली छापायला गेले.

मग तिने हळूच 'दाखव' केलं. सगळ्या टिपा परत आल्या. नव्या पानावरची तेवढी आली नाही. तिला हायसं वाटलं, आणि लगेच भरून आलं. त्या ओळीखाली तिने स्वतःच लिहिलं, 'केलं रे. आहेस का अजून?' आणि पुन्हा बांधलं.

पानावर तिची टीप आली. तिच्याखाली आणखी एक.

'आहे. पण आधी "नको" कर. साहेब परत येतायत.'

जिन्यात गिलसाहेबांचे बूट वाजायला लागले. मंजुषाने डोळे पुसले आणि 'नको' केलं.