खच्ची मेंढ्याला पान्हा

पहिल्या हंगामात मेंढ्या व्याल्या नाहीत तेव्हा सासूने आभाळाकडे पाहिलं. दुसऱ्या हंगामात तिने सरळ थोरल्या सुनेकडे पाहिलं.

"वांझेचा हात कळपाला लागल्यावर दुसरं काय होणार?"

हे ती घरात म्हणाली, मग पाणवठ्यावर म्हणाली, मग बाजारात. थोरलीला मूल नव्हतं, एवढं भांडवल सासूला पुरेसं होतं. आता मेंढ्यांचं खापरही सुनेच्याच डोक्यावर.

पण मेंढ्या थोरलीच्याच देखरेखीत होत्या, तिला सगळं दिसत होतं. माजावर येत, मेंढ्याला जवळ घेत, तरी गाभण राहत नसत. आणि अंगाने तर टुमटुमीत! धाकट्या दिराने कुठूनसं तीन पानी गवताचं बी आणून वरचं कुरण पेरलं होतं. मेंढ्या फळल्या नाहीत की हा शहाणा म्हणे, "ताकद कमी पडतेय," आणि आणखी त्याच कुरणात सोडी.

एका सकाळी तिला खच्ची केलेल्या मेंढ्याचे सड सुजलेले दिसले. दाबले तर दूध! नवऱ्याला दाखवलं.

"तुझाच प्रताप," म्हणाला, चूळ थुंकला आणि गेला.

तिने मेंढ्याला दोरी लावली आणि गुरांचा दवाखाना गाठला.

"अगं बाई, ह्याला कुठलं बाळ पाजायचंय?" डॉक्टरबाई हसल्या. मग काय चारता ते विचारलं आणि हसणं थांबलं. "त्या गवतात मादीच्या हार्मोनसारखं द्रव्य असतं. अंगाला वाटतं, आतूनच हुकूम आलाय. मग खऱ्या हुकमाला कोण विचारतो? मेंढी फळत नाही. आत्ता कुरण बदललं तर बऱ्याचशा सुधारतील. असंच चारत राहिलात तर कायमच्या भाकड."

"सोयाबीनमध्येही असलं काही असतं म्हणतात. मी ते खाल्लं म्हणून तर माझं..."

"छे! असतं, पण माणूस दोन घास खातो. मेंढीचं दिवसभराचं जेवणच ते. त्यानं तुमचं काही अडलेलं नाही. नवऱ्याची तपासणी झाली?"

"त्यांची? देवाची कुणी तपासणी करतं का?"

सांगायला म्हणून ती धावतच घरी आली. उंबऱ्यावर तिची पिशवी भरून ठेवलेली. सासू दारात उभी. नवरा काडीने बुटाचा चिखल खरवडत बसलेला. मान वर नाही.

"कळपात मेंढा सोडायच्या आत तू इथून हललेली बरी," सासू म्हणाली. "कळप वाचायला पाहिजे."

"आई, मी डॉक्टरांकडून..."

"तोंड उघडू नकोस! अवदसा मेली."

"आणि आता वरचं कुरण दिवसभर मोकळं सोडतो," दीर मधेच म्हणाला. "बघा कशा व्यातात ते."

जिभेच्या टोकावर आलेलं तिने गिळलं.

"सोडा, भावजी. अजिबात हात आखडू नका."

माहेरून आणलेल्या दोन मेंढ्या तिने मागून घेतल्या. "ने, भाकडच आहेत," सासू म्हणाली.

भावाच्या घरामागच्या खडकाळ रानात त्या दोघींनी वाळकंसुकं खाल्लं. फासळ्या दिसू लागल्या. पुढच्या हंगामात मात्र दोघी व्याल्या, एकीला तर जुळं. तिकडे सासरी ज्या थोड्या गाभण राहिल्या त्या विताना अडल्या, काहींचं अंग बाहेर पडलं, बाकीचा कळप कसायाने मातीमोलाने उचलला. मेंढ्यांसाठी ती रडली. त्यांचा काय गुन्हा? माणसांसाठी टिपूस आला नाही.

कोकरांचा बोभाटा झाला तसा दीर बघायला आला.

"वहिनी, ह्यांना चारलंत तरी काय?"

"तुमचं गवत सोडून मिळेल ते."

मग तिने सगळं सांगितलं, सावकाश, एकेक शब्द चावून.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?" तो पांढराफटक पडला. "माणूस आहात की कोण? आम्ही रस्त्यावर आलो!"

"मीही रस्त्यानेच आले, भावजी. एकटी."

त्याचा आवाज उतरला. "उद्या बाजारात बोलू नका. उरलेलं बी विकायला काढलंय. आई म्हणते, तुम्ही परत या. झालं गेलं विसरून जाऊ."

"विसरणारे तुम्ही कोण?" ती म्हणाली आणि कोकरं आत घ्यायला गेली.

दुसऱ्या दिवशी बाजारात दीर पोती मांडून बसला होता, शेजारी सासू. एक म्हातारा मेंढपाळ पोत्यात हात घालून बी हुंगत होता.

"आजोबा, थांबा," थोरली मोठ्याने म्हणाली. आजूबाजूची घासाघीस थांबली. "ह्या बाईने मला बाजारभर वांझ म्हटलं. का म्हटलं ते ऐका, मग खुशाल बी घ्या."

सासूने झडप घालून तिचा दंड धरला.

"धरा, घट्ट धरा," थोरली म्हणाली. "कुणाबद्दल बोलतेय ते लोकांना नीट दिसू दे."