दादांचं पेपरवाचन

संक्रांतीच्या त्या संध्याकाळी परभणीच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये माझी ड्युटी होती. ट्रंककॉलच्या बोर्डासमोर आम्ही तिघीजणी बसलो होतो, मधल्या स्टुलावर तिळगुळाचा डबा होता. सणाच्या दिवशी कॉल कमीच असतात, लोक पोळ्या खाऊन घरी लोळत पडलेले असतात. पण रेडिओवर बातमी सांगितली आणि बोर्डावरचे दिवे एकामागून एक लागायला लागले. औरंगाबाद द्या, नांदेड द्या, मुंबई द्या, अर्जंट द्या. लाईन जोडून दिली की पलीकडच्याला ‘हॅलो’ म्हणायचीही सवड न देता इकडचा माणूस ओरडायचा, “नामांतर झालं!”

खरं तर मी नाचायला हवं होतं. आमची सगळी वस्ती बौद्धांची. ज्या मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळावं म्हणून आमच्या माणसांनी सोळा वर्षं मार खाल्ला, त्याला ते मिळालं होतं. पण ते दोन शब्द पहिल्यांदा कानात पडले आणि माझा हात बोर्डावरून सुटून खाली गेला. खुर्चीशेजारी अंधारात तो धाकट्या भावाचं मनगट शोधत होता. सुगत तेव्हा मनमाडला रेल्वेत नोकरीला होता, एका लेकराचा बाप झाला होता. पण हाताला कोण सांगणार?

आमच्या घरात त्या दोन शब्दांचा अर्थ एकच होता. दादा पिऊन आलेत, लपा.

दादा म्हणजे माझे वडील, पंडित. सेलूच्या एका जिनिंगमध्ये सरकी उचलायच्या कामावर होते. सातवी पास. आमच्या वस्तीत तेवढं शिकलेलं दुसरं कुणी नव्हतं, म्हणून पेपर वाचायचं काम आपोआप त्यांच्याकडे आलं. चहाच्या हॉटेलातला दिवसभर हाताळलेला पेपर ते संध्याकाळी मागून आणायचे. बुद्धविहाराच्या ओट्यावर कंदील ठेवला जायचा. बायका भाकरी थापून पदराला हात पुसत यायच्या, म्हातारे आधीच जागा धरून बसलेले असायचे. दादा चपला काढून उभे राहायचे आणि वाचायला लागायचे. काय आवाज होता! भरदार, खोल, थोडा लांबवत नेणारा. कापसाचे भाव वाचले तरी काहीतरी मोठं घडतंय असं वाटायचं. एक बातमी संपली की ते थांबायचे, आणि सगळे म्हणायचे, “म्होरं!” मी त्यांच्या पायाशी धोतराचं टोक धरून बसलेली असायची. त्या जागेइतकी सुरक्षित जागा मला पुन्हा कुठं मिळाली नाही, लग्न झाल्यावरसुद्धा.

आमच्या गावाचं नाव सांगत नाही. ती माणसं अजून तिथंच राहतात आणि माझी माणसंही तिथंच राहतात. अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात विधिमंडळात नामांतराचा ठराव मंजूर झाला, ती बातमी दादांनीच वाचली. त्या दिवशी त्यांचा आवाज पार गावातल्या पारापर्यंत गेला म्हणतात. वस्तीनं गूळ वाटला. काही दिवसांनी गावातल्यांनी वस्तीची घरं पेटवली. आमचं अर्धं जळलं. माणसं वाचली, पण शेजारचे लिंबाजीकाका राखेत उभे राहून दादांना म्हणाले, “पंडित, एवढं वरडून कामून वाचलास रं?” दुःखात माणूस काहीही बोलतो. लिंबाजीकाका विसरून गेले, दादा विसरले नाहीत.

तेव्हापासून दादा दारूत गेले. मी हे असंच सांगत आले आहे, नवऱ्याला, मैत्रिणींना, स्वतःला. आधी पेपर वाचणारा बाप होता, मग घरं जळली, मग दारू आली. ऐकणारा हळहळतो आणि मलाही बरं वाटतं.

पुढं पुढं ते हातात कुठलातरी जुना पेपर धरून झुलत यायचे आणि ओट्यावर चढून ओरडायचे, “ऐका हो, नामांतर झालं!” पहिल्यांदा सगळ्यांनी खरं मानलं. पंडितनं वाचलंय म्हटल्यावर शंका कोण घेणार? बायकांनी दारात दिवे लावले, लिंबाजीकाकांनी घरातली होती नव्हती ती साखर वाटली. सकाळी सेलूहून आलेल्या माणसानं सांगितलं, तसलं काही नाही. त्या दिवसापासून दादांचं नाव लबाड पंडित पडलं. मग त्यांचा आवाज आला की वस्ती दारं लावून घ्यायची आणि पोरं मागून “म्होरं! म्होरं!” म्हणून चिडवायची.

ओट्यावर कुणी ऐकत नाही म्हटल्यावर ते घरी यायचे. मायला भिंतीशी उभं करायचे. “म्हन, झालं म्हन!” माय म्हणायची, “झालं.” तर, “लबाड बोलतीस व्हय?” म्हणून मारायचे. माय “न्हाई झालं” म्हणाली, तर त्यासाठी मारायचे. मी सुगतचं मनगट धरून धान्याच्या कणगीच्या मागं बसायची आणि मनातल्या मनात तिसरं उत्तर शोधायची. असं उत्तर, जे दिलं की दादा हात खाली घेतील. वर्गात माझा पहिला नंबर यायचा, पण ते उत्तर मला कधी सापडलं नाही.

नव्वद साली कावीळ होऊन दादा परभणीच्या दवाखान्यात मरता मरता वाचले. घरी आल्यावर बाबासाहेबांच्या फोटोसमोर हात जोडले आणि दारू सोडली. खरंच सोडली. पण तिच्याबरोबर पेपरही सोडला. सोडला म्हणजे इतका की भजी बांधून आणलेला कागदसुद्धा ते पालथा घालून ठेवायचे. बोलणंही कमी झालं. बाप घरात परत आला होता, भांडी फुटत नव्हती, मायच्या अंगावर वळ नव्हते. देवाच्या नाही तर नशिबाच्या पाया पडावं असे दिवस होते. आणि मी कृतघ्न, मला त्या ओट्यावरच्या बापाची आठवण यायची. बोर्डावर बसून अनोळखी माणसांचे आवाज जोडताना वाटायचं, कधीतरी एखाद्या लाईनवर तो आवाज येईल.

म्हणून त्या संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी रजा टाकली, परभणी स्टेशनवर पेपर घेतला आणि सेलूची गाडी धरली. माझं म्हणणं साधं होतं. बातमी आता खरी होती. ती दादांनी एकदा वाचली की सगळं पुसलं जाईल आणि पहिले दादा परत येतील. पंचविशीची, सरकारी नोकरीतली बाई मी, पण गाडीत लहान पोरीसारखी पेपर छातीशी धरून बसले होते.

वस्तीत निळे झेंडे लागले होते. विहारापुढं माणसं गोळा झाली होती, कुणी हलगी वाजवत होतं. मायनं दारातच माझ्या हातातला पेपर बघितला आणि तिचं तोंड उतरलं.

“हे कामून आनलीस?”

“दादा वाचतील की. आज तर वाचलंच पायजे त्यायनी.”

“विशाखा, चार वर्स झाले घर शांत हाय. कशाला उकरायलीस?”

“माय, मला एकदा पहिल्यावानी ऐकायचंय. घरं जळायच्या आदी वाचायचे तसं.”

माय काहीतरी बोलणार होती, पण तेवढ्यात लिंबाजीकाका आले. पार थकले होते, काठी टेकत आले होते. मला ओलांडून सरळ आत दादांसमोर जाऊन उभे राहिले.

“पंडित, ऊठ. वाच.”

“रेडिओवर सांगितलं की,” दादा खाली बघत म्हणाले. “सगळ्यायला म्हाईत हाय.”

“रेडिओचं मला काय सांगतूस? तू वाचल्याबिगर मला खरं वाटायलं न्हाई.” मग म्हाताऱ्याचा आवाज हलला. “तुला लबाड म्हनलो होतो रं मी. सगळ्या वस्तीनं म्हनलं. आता सगळ्यापुढं वाच.”

दादा उठले. माझ्या हातातून पेपर घेतला आणि बाहेर विहाराच्या ओट्यावर गेले. चपला काढल्या. हलगी थांबली, बायका पुढं सरकल्या, पोरांना कुणीतरी गप्प केलं. दादांनी पेपर उघडला, तोंडही उघडलं, आणि शब्दच फुटेना. एकदा खाकरले, दोनदा खाकरले. लोकं वाट बघत होती. मी मायजवळ पायरीच्या कडेला उभी होते.

लिंबाजीकाका ओट्याजवळ सरकले. धोतराच्या ओच्यातून त्यांनी लहानशी बाटली काढली आणि लोकांना दिसू नये अशी दादांच्या हाताशी धरली. “घोटभर घे. आजच्या दिवस चालतंय. आवाज मोकळा व्हईल.” त्यांनी प्रेमानंच आणली होती. त्या माणसाच्या मनात वाईट काही नव्हतं.

दादांनी बाटलीकडं बघितलं, मायकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. मी ओरडायला पाहिजे होतं. धावत जाऊन ती बाटली दगडावर आपटायला पाहिजे होती. मी काय केलं? मी उभी राहिले. खरं सांगायचं तर मला वाटलं, घ्यावी त्यांनी. एकच घोट. तो आवाज एकदा ऐकू दे, मग काय व्हायचं ते होऊ दे. मायनं सोसलेलं सगळं मला पाठ होतं, तरी मला असं वाटलं. ओढ अशीच असते, तिला अक्कल नसते.

“लिंबा, वापस ने ती,” दादा म्हणाले.

आणि वाचायला लागले. कसा आवाज! बारीक, चिरका, शाळेत मास्तरांनी उभं केलेल्या पोराचा असतो तसा. एका शब्दावर अडखळायचे, मागं जाऊन परत वाचायचे. तिसऱ्या ओळीला पुढच्या माणसांनी “जय भीम!”चा गजर केला, हलगी सुरू झाली, गुलाल उडाला. दादांचा आवाज त्यात बुडून गेला, पण ते थांबले नाहीत. डोळ्यांपुढं पेपर धरून बातमीची शेवटची ओळ येईपर्यंत त्यांचे ओठ हलत राहिले. लिंबाजीकाका तेवढे ओट्याकडं कान लावून “म्होरं, म्होरं” म्हणत होते.

मी रडायला लागले. बायकांना वाटलं आनंदानं रडते आहे. एकीनं माझ्या तोंडात तिळगूळ भरला.

“माय,” मी म्हणाले, “हे पहिल्यावानी न्हाई. आदी असं वाचत नव्हते.”

“आदी?” माय ओट्याकडं बघतच बोलली. “आदी तरी कवा कोरड्या तोंडानं वाचलं तुज्या दादानं? जिनवरून येतानाच घेऊन यायचे. थोडीच, पर रोज. त्याबिगर चार मानसात उभं ऱ्हायला लाजायचे. माजं लगीन झालं तवापसून तसंच व्हतं.”

“घरं जळायच्या आदीपासून?”

“तू पोटात यायच्या आदीपसून.”

ओट्यावरचा कंदील, भरदार आवाज, धोतराचं टोक, ती सगळ्यात सुरक्षित जागा. ज्या बापासाठी मी इतकी वर्षं झुरले, तो बाप दारूशिवाय कधी नव्हताच. आणि जो समोर उभा होता, चिरक्या आवाजाचा, घाबरलेला, त्याला आम्ही आज पहिल्यांदा ऐकत होतो.

मायनं पदरानं नाक पुसलं. “मला बी लय आवडायचा गं त्यो आवाज,” ती हळूच म्हणाली. “म्हनून तर सुरवातीला मी त्यायच्या पिन्याला काई बोलले न्हाई.”

गर्दी झेंडे घेऊन गावाच्या रस्त्याकडं निघाली. ओट्यावर दादा एकटेच उरले. त्यांनी पेपराची नीट घडी घातली, चपला पायात सरकवल्या आणि खाली उतरून आमच्यापाशी आले. अंगाला घामाचा वास येत होता, दुसरा कुठलाच नाही. लोकांना त्यांनी विचारलं नाही, लिंबाजीकाकांना विचारलं नाही. माझ्यापुढं मान खाली घालून विचारलं,

“मागपरेंत ऐकू आलं का गं, विशा?”

दुसऱ्या ओळीच्या पुढं मला एक अक्षरही ऐकू आलं नव्हतं.

“आलं, दादा,” मी म्हणाले. “म्होरं वाचा.”