काळा करकोचा

तळ्यावरच्या पक्ष्यांच्या नोंदी थोरली जाऊ बावीस वर्षं तपासत होती, पण काळा करकोचा तिला कधी दिसला नव्हता. धाकटी तळ्यावर येऊ लागली आणि तिला तो पहिल्याच रविवारी दिसला आणि थोरलीच्या पोटात दुखू लागलं. फोटो स्वच्छ होता, तरी ती म्हणाली, "धूसर आहे गं. नोंद नाही करता येणार."

"तुम्ही म्हणताय म्हणजे दुसरा कुठला पक्षी असेल, ताई."

मग थोरली गुपचूप रोज पहाटे तळ्यावर जाऊ लागली. पाचव्या दिवशी करकोचा दिसला. तिने तो स्वतःच्या नावावर नोंदवला, आणि दुर्मिळ पक्ष्याच्या त्या नोंदीमुळे तळ्यात भराव टाकायचं सुरू झालेलं काम थांबलं.

धाकटी येऊन गळ्यातच पडली. "बरं झालं, तुम्हालाच दिसला! माझं कोणी ऐकलं असतं?"

थोरलीने चहाचं निमित्त करून स्वतःला सोडवून घेतलं. करकोचा पाहून तिला स्वतःला एवढा आनंद झाला नव्हता.