मेंबरांची क्रूझ

आमच्या हॉलमधल्या बेसिनमध्ये कुणीतरी तंबाखू थुंकून ठेवली होती आणि नळ सोडायचेही कष्ट घेतले नव्हते. चहाचा ट्रे नेता नेता माझं तिकडं लक्ष गेलं. सोफ्यावर चौघे पुरुष क्रूझची आखणी करत होते.

आमच्या ग्रामपंचायतीच्या उपसरपंचानं आतल्या ठरावाप्रमाणे दीड वर्षानं राजीनामा दिला होता. पॅनेलप्रमुख आबाजीरावांना ती खुर्ची आता पुतण्याला, अविराजला, द्यायची होती. घोडं अडलं होतं आम्हां तिघी मेंबर बायकांच्या मतांवर : माझ्या, रेश्माच्या आणि मनिषाच्या. अशा वेळी विरोधकांचा हात पोचू नये म्हणून आमच्याकडे मेंबरांना सहलीला पळवतात. मागच्या खेपेला हॉटेलच्या मागच्या दारानं एक जण निसटला, तेव्हापासून आबांच्या डोक्यात बोट बसली होती.

"मुंबईवरनं लक्षद्वीप," आबा म्हणाले. "मधी नुसतं पानी. फोन लागत न्हाय, कुनी पळत न्हाय. खर्च माझा."

"मटण असतंय का पण?" रेश्माच्या नवऱ्यानं, युवराजनं, विचारलं.

"सगळं असतंय."

"आन् पोहायच्या टाकीपाशी बाया कशा बसत्यात, फोटू दाव की."

मग मोबाईल हातोहात फिरला आणि असलं घाण बोलणं सुरू झालं की मी कप तसेच टाकून आत गेले. त्यात मनिषाचा नवरा होता, आणि माझा, दिग्विजयही. सगळ्यात मोठ्यानं तोच हसत होता.

तरीही खरं सांगते, मला जायचं होतं. समुद्र मी एकदाच पाहिलाय, कॉलेजच्या सहलीत, तोही काठावरून. मेंबर मी, म्हणजे बोटीवर मी जाणार, इतकं सरळ माझं गणित. दुसऱ्या दिवशी एसटीनं बारामतीला गेले. पांढरे बूट घेतले, ड्रेस घेतला, बोट लागू नये म्हणून गोळ्याही घेतल्या. वाटेत रेश्माला फोन केला, तर ती गॉगल घेऊन बसलेली.

दिग्विजयनं पिशवी पाहिली. "ह्ये कुनाला?"

"मला. क्रूझला."

तो हसला. "तू कुठं येतीस? गुरवारी निवड हाय. तुमाला मत द्यायचंय, आमी जातोय."

"गुरुवारी? मला नोटीस कुठं आली?"

"आली की. मी घेतली."

"मग पळवायचं तर मेंबरला ना? तुम्हांला कशाला?"

"बायकास्नी कोन फोडतंय? फोडत्यात ते आमाला. आबांची गाडी येईल, बसायचं, अविराजच्या नावाला हात वर करायचा. त्यात काय अवघड हाय?"

मला त्याची शिसारी आली, आणि त्याहून जास्त माझी. दीड वर्ष सभेला 'राजेश्वरीताईंचे मालक' जात होते आणि मी घरी बसून त्यांच्या शर्टाला इस्त्री करत होते. निवडणुकीत हात जोडून दारोदार फिरले होते ते मीच. नंतर ग्रामपंचायतीची पायरी चढले नाही, कारण चढायला कुणी सांगितलं नाही. बी. ए. झालेय मी.

मंगळवारी तिघे नवरे आबांच्या गाडीतून मुंबईला गेले. बॅगेत खर्डा, भाकरी आणि तीन नव्या हाफ पँटी. आबा आम्हांला हाकायला गावातच राहिले.

गुरुवारी गाडी आली. आम्ही तिघी बसलो. अविराजच्या विरोधात गोजरबाई उभ्या होत्या, वरच्या वस्तीवरच्या. एकही सभा न चुकवणारी गावातली ती एकच मेंबर बाई. ग्रामसेवक भाऊसाहेबांनी आधी अविराजचं नाव घेतलं. मनिषानं हात वर केला. मी मांडीवरचे हात हलवले नाहीत. रेश्मानं माझ्याकडं पाहिलं आणि तिनंही नाही हलवले. दारातून आबा खाकरले, दोनदा. मग गोजरबाईंचं नाव आलं आणि मी हात वर केला. शेजारी रेश्माचाही हात होता. अविराज एका मतानं पडला.

भाऊसाहेबांनी रजिस्टर पुढं केलं, मी सही केली. आबा धावतच आत आले, मागची पानं भराभर उलटली आणि बोट आपटून ओरडले, "ही सही हिची न्हायच! बघा, एक तरी जुळतीया का? रद्द करा निवड!"

मी वाकून पाहिलं. दीड वर्षाच्या एकूण एक सभेला राजेश्वरी हजर होती, दिग्विजयच्या अक्षरात. टेंडरं, बिलं, ठराव, सगळ्याखाली माझं नाव. मला वाटायचं तो नुसता बसून येतो.

"बरोबर हाय आबा," मी म्हणाले, "एकबी जुळत न्हाय. भाऊसाहेब, तसंच लिवा. आजची माझी हाय, मागची एकबी माझी न्हाय."

आबांनी रजिस्टर मिटायला हात घातला, तो मी बाजूला केला. भाऊसाहेबांनी पेनाचं टोपण काढलं आणि आबांकडं पाहिलं.

"तिकडं काय बघताय?" मी म्हणाले. "लिवा. मी हितंच बसलीया."