खडकावरचा मासा

मित्रांनो, मी एक जुना जीपीएस आहे. मोटारीतला नव्हे, होडीतला. सुकाणूशेजारी माझी जागा. तळहाताएवढा माझा पडदा, त्यावर फिनलंडच्या साइमा सरोवराचा नकाशा आणि आमची होडी कुठे आहे ते दाखवणारा एक काळा बाण. एक दुःख माझ्या मनात घर करून बसलं आहे, ते आज सांगतो.

ओइवा नावाच्या मासेमाराने मला घेतलं. साइमात बेटंच बेटं, धुकं पडलं की जाणता माणूसही वाट चुकतो. पहिल्याच धुक्यात मी त्याला थेट घरच्या धक्क्याला आणून लावलं. त्याने बाहीने माझा पडदा पुसला आणि म्हणाला, "शहाणा आहेस हं!" त्या शब्दांवर मी कितीतरी वर्षं जगलो.

ओइवाचा शेजारी उर्हो. दोघे एका शाळेतले, शनिवारी एकाच सौनात, म्हणजे वाफेच्या खोलीत, घाम काढत बसणारे. पण मुइक्कू नावाच्या बोटभर चंदेरी माशाचा विषय निघाला, की एकमेकांना ताकास तूर लागू देत नसत. उर्हो कॉफीच्या निमित्ताने होडीत यायचा आणि नजर माझ्यावर.

"काय रे, मान लचकली का तुझी?" ओइवा विचारायचा.

"तुझ्या त्या खोक्यात मासे दिसतात म्हणे."

"दिसतात ना! पण मालकालाच दिसतात."

एकदा ओइवाला लहर आली. एका बेटाच्या पश्चिमेला पाण्याखाली खडक होता. तो माझ्या नकाशात नव्हता, फक्त त्यालाच ठाऊक होता. नेमका त्या खडकावर त्याने माशाचं चित्र उमटवलं, आणि जिथे मासे खरोखर मिळत, तिथे धोक्याची फुली मारली. "आता बघ म्हणावं हवं तेवढं," असं म्हणत तो पोट धरून हसला. फार तर उर्होच्या इंजिनाचा पंखा वाकेल, एवढंच त्याच्या मनात असणार. मला ते आवडलं नाही. पण मला जे सांगाल ते मी जपून ठेवतो.

ओझरत्या नजरेने पाण्यातली जागा सापडत नाही, त्यामुळे उर्हो तिथे कधी पोहोचला नाही. पुढे एका रात्री ओइवा झोपेतच गेला. ती गंमत कोणाला सांगायची राहूनच गेली.

अंत्यविधीनंतरच्या कॉफीला ओइवाची मुलगी मार्केटा उर्होजवळ बसली. "काका, बाबांनी तुम्हाला जन्मभर झुलवलं. उद्या चला, मी दाखवते त्यांची जागा."

"अगं, थडग्यातून उठून मारायला येईल तो मला!" म्हातारा हसला, आणि मग त्याने डोळे पुसले.

ऑक्टोबरची गार सकाळ होती. उर्हो जाळं घेऊन होडीच्या पुढच्या टोकावर उभा होता, लहान मुलासारखा खूश. वारा सुटायच्या आत पोहोचावं म्हणून मार्केटाने वेग वाढवला. माझा बाण माशाकडे सरकत होता. मला ओरडायचं होतं. पण मला तोंड कुठे?

होडी दाणकन आदळली आणि उर्हो पाण्यात फेकला गेला. मार्केटाने वल्हं पुढे केलं, पण गारठलेल्या बोटांना ते धरवेना. तिच्या डोळ्यांदेखत तो बुडाला. होडी खडकावर अडकून राहिली. माझा पडदा तसाच उजळलेला होता आणि बाण बरोबर माशाच्या चित्रावर टेकला होता. माझी एका पावलाचीही चूक झाली नव्हती.

दोन वर्षं मी होडीघरात धूळ खात पडलो. मार्केटा माझ्याकडे बघतही नसे. पण ज्या जागी बाबा रोज जात, तिथला खडक त्यांना कसा कळला नाही, हे कोडं तिला सुटेना. शेवटी एका शरदात तिने मला पुन्हा होडीत बसवलं आणि वल्ह्याने पाणी चाचपत ती त्या फुलीपाशी गेली. तिथे खडक नव्हता. तिने जाळं टाकलं. ते मुइक्कूंनी गच्च भरून वर आलं.

"बाबा, हे काय करून ठेवलंत तुम्ही!" ती हमसून हमसून रडली. मग तिने खडकावरचा मासा पुसला, तिथे फुली मारली आणि खाली लिहिलं, 'उर्हो'.

मित्रांनो, माझा पडदा पुसलात तर मला बरं वाटेल. पण त्याहून मोठं मागणं आहे. माझ्यात खोटं ठेवू नका. मी तेही खऱ्याइतक्याच निष्ठेने सांभाळतो. आणि थट्टेत ठेवलंच असेल, तर आज घरी गेल्या गेल्या सांगून टाका. सांगू कधीतरी, असं ओइवालाही वाटलं होतं.