सोमवार-गुरुवारचा कागद

दुपारच्या शांत घरात वाटी टणकन वाजली. मग पुन्हा. माझी लेक मयूरी खाटेच्या लोखंडी दांडीवर वाटी आपटत होती. धाप लागली की तिचा आवाज फुटत नाही, म्हणून आम्ही दोघींनी ठरवलेली ही खूण. मी धावत जाऊन दम्याच्या औषधाचा पंप तिच्या तोंडाला लावला. सात वर्षांची छाती भात्यासारखी हलत होती.

"तुमच्या भागात धूर-धूळ वाढलीय का?" डॉक्टरांनी या महिन्यात तिसऱ्यांदा विचारलं.

"नाही," मी छातीठोकपणे सांगितलं. मला नाही तर कोणाला ठाऊक? आदिलाबादच्या टोकाला, आमच्या वस्तीलगतच्या ऑफिसच्या गच्चीवरचं हवा मोजायचं मशीन मीच चालवते, सोमवारी आणि गुरुवारी. तोललेला पांढरा कागद चिमट्यानं आत ठेवायचा. मशीन चोवीस तास हवा ओढतं, धूळ-धूर कागदावर बसतो. दुसऱ्या दिवशी कागद पुन्हा तोलायचा. वाढलेलं वजन म्हणजे लेकरांच्या छातीत जाणारा कचरा. दोन वर्षं माझे कागद स्वच्छ निघत होते. धुराचा वास यायचा कधीमधी, पण नाकापेक्षा माझा आकड्यावर विश्वास.

बुधवारी मयूरीला दवाखान्यातून आणताना घराच्या कुंपणापलीकडे धूर उठला. शेजारच्या प्रयागबाई कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्या जाळत होत्या. पुढे आणखी चार ढीग पेटलेले.

"मावशी, आज काऊन?"

"मंग कवा? उद्या तुही मशीन हाय ना!" त्या हसल्या. "सोमवार-गुरुवार कोनी काडी लावत नाही, मीच सांगून ठेवलं सगळ्यायले. तूच म्हनली होती, कागद काळा निघाला त साहेब तुलेच बोलतेत. आमी काय परके हावो का वं?"

चहा पिता पिता मीच ते रडगाणं गायले होते. त्यांनी मनावर घेतलं. धुरात उभ्या राहून त्या इतक्या मायेनं बघत होत्या, की मला रागावताही येईना.

साहेबांना सगळं सांगितलं, इतर दिवशीही मशीन लावू द्या म्हटलं. "नियमात दोनच दिवस आहेत, बाई," ते म्हणाले. डॉक्टर म्हणाले, पोरीला इथून हलवा.

शनिवारी बसस्टँडवर माझी बहीण हर्षाली तिला माहूरला न्यायला आली. मयूरीनं माझा पदर सोडला नाही.

"आई, तू हवा मोजते ना?"

"हो, राणी."

"मंग मले श्वास येऊन नाही राह्यला, हे तुले काऊन नाही समजलं?"