पार्वतीबाईंचा सकाळचा काढा

चाळीस वर्षांच्या संसारात उत्तमरावांनी बायकोला कधी पाण्याचा तांब्या भरून दिला नव्हता. तोच माणूस महिनाभर रोज सकाळी गॅससमोर उभा राहून तिच्यासाठी हळदीचा काढा उकळत होता. साखरा गावातल्या बाया हसायच्या आणि पार्वतीबाई पदराआड लाजायच्या.

हे खूळ मोबाईलमधून आलं. हळदीच्या काढ्यानं शुगर मुळापासून जाते, गोळ्या फेकून द्या, असा मेसेज भावकीच्या ग्रुपवर पडला. उत्तमराव हळदीचे जुने शेतकरी. आपल्याच पिकाची तारीफ कोणाला गोड लागत नाही? त्यांनी बायकोच्या शुगरच्या गोळ्या बंद केल्या आणि मेसेज पंधरा जणांना पुढं पाठवला.

काढ्यानं काही होत नाही, हे पार्वतीबाईंना आठ दिवसांतच उमगलं होतं. घसा कोरडा पडायचा, डोळ्यांपुढं अंधारी यायची. पण बोललं तर काढा थांबणार, आणि हा माणूस पुन्हा ओसरीवर जाऊन बसणार. म्हणून ते कडूजहर त्या गुमान पीत राहिल्या. वेडी बाई, दुसरं काय!

हिंगोलीला नर्सिंग शिकणारी नात आरोही रविवारी आली. आजीचा चेहरा बघून तिनं तिच्या बोटाला सुई टोचून शुगर तपासली. आकडा आला तीनशे साठ. पोरगी ओरडली नाही. आजोबांजवळ जाऊन बसली.

"आबा, मोंढ्यात व्यापारी हळदीचा भाव कसा करतेत?"

"हळकुंड मोडून. आतून बघितल्याबिगर कोण घेतं?"

"मग हा मेसेज काहून न्हाई मोडून बघितला?"

कोणत्या डॉक्टरनं लिहिलं, कुठं, कोण बरं झालं, तिनं एकेक विचारलं. मेसेजात साधं नावही नव्हतं. पोचट हळकुंड हातात धरताच ओळखणारे उत्तमराव पोचट मेसेजला फसले होते. त्याच दुपारी त्यांनी बायकोला डॉक्टरकडे नेलं, आणि घरी येऊन पंधराही जणांना फोन करून सांगितलं की माझं चुकलं, डॉक्टरच्या गोळ्या सोडू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात सामसूम होती. पार्वतीबाईंना फार वाईट वाटलं. संपलं म्हणायचं, असं मनाशी म्हणत त्या चहाला उठल्या, तर दारात उत्तमराव उभे. एका हातात गोळी, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या.

"न्याहारीआधी घ्यायची हाय," ते ओशाळून म्हणाले. "काढा न्हाई आता."

पार्वतीबाईंनी तांब्या हातात घेतला.

"न्हाई तर न्हाई. मी काय काढ्यासाठी पेत होते व्हय?"